पूलचं कव्हर घेताय? आधी पायरीवर बादली ठेवा : या चुका टाळा

मार्च अर्धा झाला की माझा फोन सुरू होतो. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी, कुठूनही. संत्र्याच्या बागेत फार्महाऊस बांधलेलं असतं, पोट्ट्यांसाठी २० बाय १२ फुटांचा पूल केलेला असतो, आणि प्रश्न एकच असतो, "भाऊ, उन्हानं पाणी लय उडते, कव्हर घेऊ का?" मी पूल साफ करून देतो, मोटर आणि फिल्टर बघतो. त्याआधी शेततळ्यांच्या पन्न्या जोडायचो. कव्हर विकत नाही, त्यामुळे खरं सांगायला मोकळा आहे. बहुतेकांना मी थांबा म्हणतो. ऐकणारे थोडे. बाकीचे मोबाईलवर ऑर्डर टाकून झाल्यावर विचारतात की आता हे बसवायचं कसं.

गळतीचा आळ उन्हावर टाकणं

ही चूक माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जाते. "आपल्याकडचं ऊनच तसं" म्हटलं की पुढे कोणी बघतच नाही. नवतपात पारा ४५ च्या पुढे, वर कोरडा वारा, पाणी उडतं हे खरंच आहे. पण किती उडतं? मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी आपल्याकडे दिवसाला साधारण एक सेंटीमीटर उतरते, वारं जोरात असेल तर थोडी जास्त. एक चौरस मीटरवरचं एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. २० बाय १२ चा पूल म्हणजे २२ चौरस मीटर, म्हणजे दिवसाचे सव्वादोनशे लिटर. याच्या बरंच वर जे जातं ते सूर्य पीत नाही, जमीन पिते.

वरूडकडच्या एका काकाजींचं पाणी रोज दीड बोट उतरायचं. त्यांनी कोणाला न विचारता कव्हर मागवलं, रोज इमानदारीनं टाकलं, काढलं. पाणी तरी दीड बोटच. मग मला फोन, "कव्हर खराब निघालं गा, कंपनीले बोला." मी गेलो तो रंगाची रिकामी बादली घेऊन. बादलीत पूलचंच पाणी भरलं, पायरीवर अशी ठेवली की आतली आणि बाहेरची पातळी सारखी यावी, दोन्हीकडे पेन्सिलनं खूण केली. कव्हर काढून ठेवलं, पोहणं बंद. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पट्टी लावली. बादली ९ मिलिमीटर खाली, पूल ३० मिलिमीटर. म्हणजे साडेचारशे लिटरच्या वर पाणी रोज कुठेतरी मुरत होतं. पुढचा दिवस मोटर बंद ठेवून तेच केलं, तर पूल बराच कमी उतरला. मोटर चालू असताना जास्त आणि बंद असताना कमी, तर दोष बहुतेक फिल्टरकडून पूलात परत येणाऱ्या पाईपात असतो.

पण पाईप जमिनीत कुठे फुटला ते बादली सांगत नाही. ते सांगितलं झाडांनी. काकाजींनी मृग बहारासाठी बाग ताणावर सोडली होती, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर फुलं यावीत म्हणून पाणी तोडलं होतं. सगळ्या झाडांनी मान टाकलेली, पानं गळायला लागलेली, आणि मोटरघरामागची दोन झाडं मात्र श्रावणातल्यासारखी हिरवीगार. मी विचारलं, ही दोन कशी काय? काकाजी म्हणाले, "ते दोन झाडं ताणच घेत नाहीत. मागच्या वर्षी बहारबी नाही आला त्याहिले." तिथेच खणलं. दोन फुटांवर एल्बोचा जोड सुटलेला. दोन वर्षं पूल त्या दोन झाडांना पाणी देत होता, आणि काकाजी वरून कव्हर टाकत होते.

बादलीला चोवीस तास लागतात. तेवढाही धीर नसेल तर पैसे घालवायला कोणाची मनाई नाही.

बादलीनं गळती नाही म्हटलं, पण हिशोब केला नाही

सव्वादोनशे लिटर रोज म्हणजे महिन्याला पावणेसात हजार. पाच हजारांचा टँकर धरला तर सव्वा-दीड टँकर. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार कव्हरमुळे वरून भरावं लागणारं पाणी ३० ते ५० टक्के वाचतं. म्हणजे फार तर अर्धा-पाऊण टँकर, आणि तोही रोज न चुकता झाकणाऱ्याचा. तुमच्या गावात टँकर कितीला पडतो ते तुम्हाला माहीत. कव्हरचं कोटेशन घ्या, त्याला भाग द्या, आणि उन्हाळे मोजा. आपल्या उन्हात चौथा उन्हाळा शाबूत काढलेली बबल शीट, म्हणजे ते बुडबुड्यांचं प्लास्टिक कव्हर, मी तरी पाहिली नाही.

दर्यापूरकडच्या लोकांचं वेगळं. खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी जेवढं उडेल तेवढं पुन्हा भरायचं म्हणजे दर वेळी नवं मीठ आत टाकायचं, कारण उडतं ते नुसतं पाणी, क्षार खालीच राहतात. टाइल्सवर पांढरा थर, शिडीला गंज. तिथे मी टँकरचा हिशोबच करत नाही, झाका म्हणून सांगतो. वरूड-मोर्शीत बोअर कुठवर खाली गेले ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे वाचलेल्या पाण्याची किंमत ज्यानं त्यानं ठरवावी.

एप्रिलमध्ये बबल शीट दिवसभर टाकून ठेवणं

बाजारात सगळ्यात जास्त विकलं जातं ते निळं बबलवालं कव्हर. ते मुळात पाणी गरम ठेवण्यासाठी बनवलं आहे. थंड देशात त्याचं कौतुक. आपल्याकडे मे महिन्यात गरम पाण्यात पोहायचं कोणाला?

एका घरी लग्नाचे पाहुणे येणार होते. पाणी स्वच्छ राहावं म्हणून मालकांनी आठ दिवस कव्हर उचललंच नाही. त्यात लोडशेडिंग, मोटर दिवसातून दोन-तीन तास चाललेली. क्लोरीन शेवटचं कधी पाहिलं? "टाकलं होतं ना मागं." कव्हर गुंडाळलं तर खाली अंबाडीची भाजी उकडून काढल्यासारखं पाणी. थर्मामीटर ३६ अंश दाखवत होता. गरम पाण्यात क्लोरीन लवकर संपतं आणि शेवाळाला दुसरं काय हवं असतं? पाहुण्यांनी पूलच्या काठावर खुर्च्या टाकून फोटो काढले.

माझी सवय सांगतो. उन्हाळ्यात कव्हर फक्त सूर्य मावळल्यापासून सकाळी सातपर्यंत. रोज क्लोरीन १ ते ३ पीपीएम (लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम) आणि पीएच ७.२ ते ७.६ आहे का ते बघायचं, कव्हर असो नसो. बबल शीटची खरी मजा नोव्हेंबरात आणि फेब्रुवारीत आहे. दिवसाची ऊब रात्री निसटत नाही, हंगाम दोन्हीकडून थोडा लांबतो.

ताडपत्रीला कव्हर म्हणणं

सोयाबीन झाकायची ताडपत्री, कडेला विटा. पावसाळ्यात हे चित्र मी दरवर्षी पाहतो. एका ऑगस्टमध्ये अशाच ताडपत्रीवर पाणी साचलं होतं, शेजारची बकरी त्यावर उतरली, विटा सरकल्या आणि ताडपत्री तिच्याभोवती गोधडीसारखी गुंडाळली गेली. गड्यानं विळ्यानं फाडून तिला ओढून काढलं. बकरी वाचली. दोन वर्षांचं लेकरू असतं तर वरून ते दिसलंही नसतं. बबल शीटचंही तेच, त्यावर पाय पडला की माणूस खाली.

सुरक्षेचं कव्हर वेगळी वस्तू आहे. काठाच्या काँक्रीटमध्ये अँकर ठोकून ताणून बसवतात. अमेरिकेतल्या मानकानुसार आठ फुटांहून रुंद पूलवरच्या अशा कव्हरनं ४८५ पौंड, म्हणजे २२० किलो, वजन पेललं पाहिजे. ते महाग असतं. परवडत नसेल तर रोही आणि रानडुकरांसाठी बागेला मारता तीच साखळी जाळी पूलभोवती चार फूट उंच मारा, आपोआप मिटणारं फाटक लावा. घरात लहान मूल असेल तर कव्हरची चर्चा मी या फाटकानंतरच करतो.

बाकीच्या, थोडक्यात

बुडबुडे खाली, पाण्याकडे. वर नाही. हे दरवर्षी सांगावं लागतं.

आल्या आल्या कात्री लावू नका. दोन-तीन दिवस पाण्यावर पसरू द्या, मग कडा कापा.

जास्तीचं क्लोरीन टाकलं त्या रात्री कव्हर टाकायचं नाही. वाफ कोंडते आणि शीट कुजते.

गुंडाळलेलं कव्हर उन्हात उघडं ठेवलं तर आतले थर भाजून निघतात. वर पांढरं कापड टाका.

रोलर घ्या. "दोघं मिळून ओढू" म्हणणारे दोघं पंधरा दिवसांनी गायब असतात.

मग घ्यायचं काय?

माझ्या हिशोबानं पहिला खर्च शेडनेटचा. ७५ टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी, जीआय पाईपचे खांब, पाण्यापासून आठ फूट उंच. उघड्या पाण्यातलं क्लोरीन कडक ऊन दोन-तीन तासांत खाऊन टाकतं, ते वाचतं. पाणी गार राहतं, उडतं कमी, कडुनिंबाचा पाला आणि धुऱ्यावर पऱ्हाट्या पेटवल्यावरची राख बरीचशी वरच अडते. रोज काढायची-घालायची कटकट नाही. जाळी तारेनं आवळून बांधू नका, मे महिन्यातलं वादळ खांबासकट उपटतं. मी सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे कापून बांधतो. वारं आलं की ताणतात, फारच आलं की तुटतात आणि जाळी बागेत जाऊन पडते. सकाळी उचलून आणायची. वानरांचा कळप आला तर मात्र ट्यूबपण काही करू शकत नाही, त्यांना तो झोपाळाच वाटतो.