डाळिंबाचा काटा आणि न दुखणारी गाठ

माझी किडनी आईची. 2017 साली बसवली. सांगोल्याजवळ आमची दोन एकर डाळिंब आहे. छाटणी करताना नडगीत काटा मोडला, मी हळद दाबली आणि विसरलो. पाच महिन्यांनी तिथंच बोराएवढी गाठ आली. दुखत नव्हती, ताप नव्हता, म्हणून आणखी दोन महिने घालवले. तुम्ही असं करू नका. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड ही बसवलेली किडनी टिकावी म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं; ती चालू असलेलं शरीर ओरडून सांगत नाही.

माती, पालापाचोळा, कुजकं लाकूड यांत काळपट बुरशी असते. काट्यासोबत ती कातडीखाली जाते आणि महिनोन्‌महिने हळूहळू वाढते. कोविडच्या वेळची ‘काळी बुरशी’ म्हणजे म्युकर, ती वेगळी. तिथं काळं दिसतं ते मेलेलं मांस. इथं बुरशीच्या भिंतीतच मेलॅनिन असतं. म्युकर झपाट्यानं पसरतो. चेहरा एका बाजूनं सुजला, नाकातून काळं आलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गाठ गावात फोडून घेऊ नका. ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना दाखवा आणि काटा कधी, कशाचा लागला ते आपणहून सांगा. कापण्याआधी एवढं विचाराच: “नमुन्याचे दोन भाग कराल ना?” एक फॉर्मॅलिनमध्ये बायोप्सीला, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये फंगल कल्चरला, म्हणजे बुरशी उगवून ओळखायच्या तपासणीला. माझा पहिला नमुना अख्खा फॉर्मॅलिनमध्ये गेला. त्यात बुरशी मरते, मग कल्चरमध्ये काय उगवणार? रिपोर्टमध्ये बुरशीचे धागे दिसले, पण बुरशी कुठली ते कळेना. पुन्हा टेबलावर झोपावं लागलं. कल्चर चार आठवडे ठेवायला सांगा; या बुरशा सावकाश उगवतात.

गाठ पूर्ण काढली, पुढं सहा महिने इट्राकोनॅझोल, हे बुरशीवरचं औषध. खरी कसरत इथं आहे. हे औषध टॅक्रोलिमस शरीरात मोडू देत नाही, त्यामुळे रक्तातली पातळी चढते. माझे हात थरथरायला लागले, टॅक्रोलिमसची लेव्हल 7 वरून 18, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन 1.2 वरून 1.8. म्हणून पहिली कॅप्सूल घेण्याआधीच किडनीच्या डॉक्टरांना फोन करा. टॅक्रोचा डोस किती कमी करायचा ते त्यांनाच ठरवू द्या, आणि पहिल्या आठवड्यातच लेव्हल करा, सकाळच्या गोळीआधी रक्त देऊन. इट्राकोनॅझोल बंद होतानाही तेवढंच जपा. तेव्हा टॅक्रोची लेव्हल घसरते आणि रिजेक्शनची, म्हणजे शरीरानं किडनी नाकारायची, भीती असते. हे बरेच जण विसरतात. कॅप्सूल जेवणानंतर लगेच घ्यायची. पॅन्टोप्राझोल, म्हणजे अ‍ॅसिडिटीची गोळी, चालू असेल तर सांगा, त्यानं ती नीट शोषली जात नाही.

बागेत मी अजून जातो. गुडघ्यापर्यंत गमबूट, चामडी हातमोजे, जाड पँट. शेणखताचा ढीग भाऊ उलटतो, कबुतरांची घाणही मी झाडत नाही. काटा लागलाच तर उपसून साबणानं धुतो आणि तारीख, जागा गोळ्यांच्या वहीत लिहितो. दर महिन्याला बायको त्या जागेवरून बोट फिरवून बघते.