शाळेचा इतिहास लिहिण्यापूर्वीची तयारी: वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉस शाळेच्या निमित्ताने

शाळेचा इतिहास लिहायचे ठरून समिती नेमली गेली, की पहिल्याच बैठकीत मुखपृष्ठावर कोणाचे छायाचित्र असावे यावर चर्चा रंगते. ती बाजूला ठेवून शाळा नेमकी कधी आणि कोणासाठी सुरू झाली, याचा निकाल आधी लावावा. तयारीची ही यादी वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉस हायस्कूलचे उदाहरण समोर ठेवून केली आहे, कारण मुंबईच्या उपनगरांतील कॅथलिक मुलांच्या शाळांचा अभ्यास करताना उभे राहणारे बहुतेक प्रश्न या एका शाळेत एकत्र भेटतात. जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी १८६३ साली येथे सुरू केला तो अनाथ मुलांचा आश्रम होता. त्याचे पूर्ण हायस्कूल झाले ते १९२३ साली. म्हणून दोन्ही वर्षे पहिल्या पानावर लिहून मधल्या साठ वर्षांसाठी स्वतंत्र वही घालावी. शाळांच्या स्मरणिकांत अशी आरंभीची वर्षे एका परिच्छेदात उरकलेली असतात आणि उरलेली पाने मुख्याध्यापकांच्या छायाचित्रांना व चषकांना जातात. हॉकी ही या शाळेची मोठी कीर्ती आहे आणि तिच्यासाठी साहित्य आपोआप जमेल. कष्ट पडतील ते आश्रमातल्या मुलांचा माग काढताना, आणि माझ्या मते समितीचा निम्मा वेळ तिकडेच जायला हवा.

वांद्रे आज मुंबईत आहे, म्हणून कागदही मुंबईत सापडतील असे गृहीत धरू नये. १८६३ साली ते साष्टी बेटावरचे, ठाणे जिल्ह्यातले गाव होते. माहीमचा कॉजवे झालेला होता, पण रेल्वे अजून पोहोचायची होती. मुंबई उपनगर जिल्हा १९२० साली वेगळा झाला आणि वांद्रे बृहन्मुंबईत आले ते १९५० साली. तेव्हा जमिनीचा, बांधकामाचा किंवा कराचा कागद शोधताना आधी त्याचे साल पाहावे आणि मगच ठाण्याचे दप्तर चाळायचे, उपनगर जिल्ह्याचे की महानगरपालिकेचे, हे ठरवावे. हाच प्रकार धर्मसत्तेच्या कागदांचा आहे, किंबहुना तो अधिक गुंतागुंतीचा आहे. साष्टीतील जुनी चर्चे बहुतांशी पोर्तुगीज पाद्रोआदोच्या, म्हणजे गोव्याच्या आर्चबिशपांकडून चालणाऱ्या अधिकाराखाली होती, तर मुंबईतील जेझुइट मंडळी रोमच्या प्रोपागांडाने, म्हणजे पोपच्या धर्मप्रसार खात्याने, नेमलेल्या व्हिकर अपॉस्टोलिक या बिशपदर्जाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करीत. हा दुहेरी कारभार १९२८ साली संपला. त्यामुळे एखाद्या मुलाच्या बाप्तिस्म्याची नोंद एका बाजूच्या दप्तरात आणि त्याच्या शिक्षणाची दुसऱ्या बाजूच्या दप्तरात असू शकते, हे ध्यानात ठेवून दोन्हीकडे परवानगीचे अर्ज एकाच वेळी करावेत.

भाषा जाणणारी माणसे आधीच गाठून ठेवावीत. चर्चच्या नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीज असतात. शाळा स्थापणारे जेझुइट संघाच्या जर्मन प्रांताचे, म्हणजे जर्मन शाखेचे, असल्याने खाजगी पत्रव्यवहार जर्मन असण्याचा संभव मोठा, आणि तो जुन्या कुरेंट वळणाच्या अक्षरात असला तर आजचे जर्मन शिकलेला विद्यार्थीही पहिल्या ओळीवर थबकतो. पहिल्या महायुद्धात सरकारने जर्मन पाद्र्यांना स्थानबद्ध केले, बहुतेकांना मायदेशी धाडले, आणि १९२०च्या दशकात त्यांच्या जागी स्पॅनिश जेझुइट आले. या काळातल्या वह्यांत अचानक खंड दिसला, हस्ताक्षर आणि भाषा बदलली, तर शाळेत काही विपरीत घडले असावे असा तर्क लढवण्याआधी हे कारण तपासून पाहावे.

सरकारी बाजू तुलनेने सोपी आहे. १८५४च्या वूडच्या खलित्यानंतर, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणविषयक धोरणपत्रानंतर, खाजगी व मिशनरी शाळांना अनुदान मिळू लागले, अनुदानासाठी तपासणी आली आणि तपासणीबरोबर अहवाल आले. ते शिक्षण खात्याच्या वार्षिक अहवालांत आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारातल्या दप्तरांत पाहावेत. १८५०पासून निघणाऱ्या ‘एक्झामिनर’ या कॅथलिक साप्ताहिकाचे जुने अंक आणि सेंट झेवियर्स कॉलेजातील हेरास संस्थेचे ग्रंथालय यांसाठी स्वतंत्र दिवस राखून ठेवावेत.

शाळेतले जनरल रजिस्टर, हजेरीपट, शेरेबुक आणि दाखल्यांची स्थळप्रत यांची एक सूची, काहीही वाचायला न लागता, आधी पुरी करावी. वाचताना इयत्तांचा हिशेब जवळ लिहून ठेवावा: जुन्या पद्धतीत चार प्राथमिक इयत्तांनंतर इंग्रजी पहिली लागत असे, म्हणजे इंग्रजी सातवी ही मॅट्रिक, आणि ती आजच्या मोजणीने अकरावी. १९४०च्या दशकाअखेर विद्यापीठाच्या मॅट्रिकची जागा एस.एस.सी.ने घेतली आणि १९७५पासून ती दहावीवर आली. हा तक्ता नसला की निकालांची तुलना हमखास चुकते.

माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती वयाच्या उतरत्या क्रमाने घ्याव्यात. शाळेने काय दिले असे विचारले की भाषण ऐकायला मिळते. त्याऐवजी घरून शाळेत कोणत्या वाटेने येत होतात, डब्यात काय असे, फी कोण भरत असे, घरची बोली कोणती आणि वर्गात ती बोलल्यावर काय होई, असे विचारावे. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-साष्टीच्या मूळ रहिवासी कॅथलिक, कुटुंबांतील वृद्धांची मराठी बोली उतरवून घेताना ती प्रमाण मराठीत सुधारू नये. गोव्याच्या आणि मंगळूरच्या घरांतल्या कोंकणीलाही तोच नियम लावावा.

जुन्या वह्या हाताळताना शाईचे पेन टेबलावर आणू नये, शिसपेन वापरावी, फ्लॅश मारू नये, आणि वाळवी लागलेले पान सुटे करण्याचा मोह टाळून ते जाणकाराकडे द्यावे. सामूहिक छायाचित्रांवर ओळख पटलेली नावे मागे न लिहिता वेगळ्या कागदावर लिहावीत. अनाथ मुलांच्या नोंदींत जन्माची परिस्थिती, आईवडिलांचे नाव नसणे, आजार असा मजकूर असतो आणि त्यांचे वंशज आज याच उपनगरांत राहत असतील. म्हणून कोणती माहिती नावानिशी छापायची आणि कोणती केवळ संख्येने सांगायची, याचा लेखी ठराव शाळेच्या व्यवस्थापनाकडून पहिले रजिस्टर उघडण्यापूर्वी घ्यावा. छापखान्याशी बोलणी त्यानंतर सुरू केली तरी चालतील.