सेमी-ऑटोमॅटिक रायफल वारंवार अडकते? या चुका टाळा

पॉइंट २२ च्या सेमी-ऑटोमॅटिक स्पोर्टिंग रायफलीत काडतूस अडकले की बहुतेक नवे नेमबाज घाईने बोल्ट (मागे-पुढे सरकून काडतूस आत ढकलणारा भाग) मागे खेचतात, अडकलेले काडतूस झटकून टाकतात आणि पुन्हा नेम धरतात. या घाईत बिघाडाचा एकमेव पुरावा हातचा जातो. नळी सुरक्षित दिशेला धरावी, बोट ट्रिगरपासून दूर ठेवावे, मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढावे आणि आधी नीट पाहावे. रिकामी पुंगळी चेंबरमध्येच, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या पोकळीतच, राहिली असेल, तर संशय मळलेल्या चेंबरवर किंवा एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणाऱ्या भागाच्या, आकड्यावर घ्यावा. पुंगळी बाहेर पडता पडता बोल्टच्या तोंडाशी चेपली असेल, तर बहुधा बोल्ट पुरेसा मागे गेलेला नसतो. नवे काडतूस चेंबरच्या कडेला टेकून वाकडे थांबले असेल, तर सर्वप्रथम मॅगझिन तपासावे.

मला सर्वांत अधिक खटकते ती चूक म्हणजे स्प्रिंग कापणे. आमच्या रेंजवरील एका तरुण नेमबाजाच्या रायफलीत पुंगळ्या सतत अडकत होत्या. बोल्ट मागे जात नाही हे त्याचे निदान बरोबर होते. परंतु कारण न शोधता त्याने रिकॉइल स्प्रिंगचे (बोल्टला पुन्हा पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगचे) वेढेच कापून टाकले. या रायफलींत बोल्टला कुलूप नसते. पुंगळीच्या तळावर येणारा वायूचा दाब बोल्टला मागे ढकलतो आणि बोल्टचे वजन व स्प्रिंगचा जोर यांनीच त्याला आवर बसतो. स्प्रिंग कापल्यावर बोल्ट मागच्या बाजूला जोराने आदळू लागला आणि पुढे येताना काडतूस पूर्ण बसवेनासा झाला, म्हणजे एका बिघाडाचे दोन झाले. मूळ कारण साधे होते: तो सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाची स्टँडर्ड काडतुसे मळलेल्या रायफलीत वापरत होता. नवी स्प्रिंग बसवून, चेंबर घासून आणि ३८० मीटरच्या आसपास वेगाची काडतुसे भरून पाहिल्यावर रायफल सुरळीत चालू लागली. स्वच्छता झाल्यावर आणि काडतुसांचा प्रकार बदलून पाहिल्यावरच सुट्या भागांना हात लावावा, हा क्रम मी कधीही मोडत नाही. चेंबरच्या तोंडाची धार फिरत्या यंत्राने घासून ‘गुळगुळीत’ करणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे, कारण घासलेले पोलाद परत येत नाही.

दुसरी चूक तेलाची. या काडतुसांच्या शिशाच्या गोळीवर मेणासारखे वंगण असते. ते, जळालेल्या दारूची काजळी आणि सढळ हाताने ओतलेले तेल एकत्र आले की रिसीव्हरमध्ये (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्यात) चिकट राळ तयार होते व बोल्टची गती मंदावते. मी बोल्टच्या घासणाऱ्या बाजूंना तेलाचा पुसट हात देतो, चेंबर कोरडे ठेवतो आणि एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखालची घाण लाकडी काडीने काढतो. मॅगझिनमध्ये तेल घालूच नये.

प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक लिहावा. बिघाड एकाच क्रमांकाशी जुळत असेल, तर दोष रायफलीचा नसून बहुधा त्या मॅगझिनच्या वाकलेल्या ओठांचा (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडांचा) किंवा थकलेल्या स्प्रिंगचा असतो.

उत्पादकाची स्पष्ट मुभा नसेल तर रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढू नये.

काडतूस उडाले नाही, तर नळी सुरक्षित दिशेला ठेवून किमान ३० सेकंद थांबावे आणि मगच बोल्ट उघडावा.

आवाज नेहमीपेक्षा दबका आला आणि बोल्ट अर्धवट हलला, तर तो साधा अडथळा समजून पुढचे काडतूस कदापि भरू नये, कारण गोळी नळीतच राहिली असण्याची शक्यता असते आणि तिच्यामागे दुसरी गोळी झाडल्यास नळी फुटू शकते. अशा वेळी मॅगझिन काढावे, चेंबर रिकामे असल्याची खात्री करावी, नळीतून साफसफाईची सळई अलगद सरकवून पाहावी आणि ती मध्येच थांबली, तर ठोकाठोक न करता रायफल जाणकार कारागिराकडे सोपवावी.