होस्टेलवर राहून वीज, पाणी, कचरा कमी कसा करायचा: बांबूचा ब्रश राहू द्या, आधी फ्लश बघा

जुलै-ऑगस्टमधे होस्टेलवर नवीन पोरं आली की पहिल्या महिन्यातच कुठलातरी क्लब येतो, हिरवे टीशर्ट वाटतो, एका रोपाला वीस जणांचे हात लावून फोटो काढतो आणि शेवटी इको फ्रेंडली किट विकतो, म्हणजे बांबूचा ब्रश, स्टीलचा स्ट्रॉ आणि एक कापडी पिशवी. ते किट घेऊ नका. स्ट्रॉने आपण पितो काय, तर महिन्यातून एकदा उसाचा रस, तो पण थेट ग्लासातून. आणि कापडी पिशव्या सगळ्यांच्या घरी ढिगाने पडल्यात, लग्नात मिळालेल्या.

खरं तर होस्टेलवर राहणारा माणूस तसाही कमीच वापरतो, एका खोलीत तिघं, एक पंखा, एक ट्यूब, वीतभर कपाट. घोळ होतो तो जिथे सगळ्यांचं सामायिक असतं तिथे, म्हणजे बाथरूम, मेस, कॉरिडॉर, कारण बिल कुणाच्याच नावावर येत नाही. घरी नळ ठिबकला की आई डोकं खाते, इथे तोच नळ सहा महिने ठिबकतो आणि सगळे त्याच्या शेजारी उभे राहून दात घासतात. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

एक मग घ्या, एक लिटरचा, ठिबकणाऱ्या नळाखाली ठेवा आणि किती वेळात भरतो ते मोबाईलवर बघा. १० मिनिटांत भरला तर तासाला ६ लिटर, म्हणजे दिवसाला १४४ लिटर, म्हणजे सात-आठ बादल्या, एका नळाचं. फ्लशचं तर दिसतही नाही. टाकीत थोडी हळद किंवा शाई टाका, अर्धा तास कुणाला फ्लश करू देऊ नका (हे सगळ्यात अवघड), आणि भांड्यात रंग उतरला तर समजा आतला वॉशर गेलाय आणि पाणी रात्रंदिवस वाहतंय. तुम्ही अंघोळीला दोन मग कमी घेऊन जे वाचवताय ते हा फ्लश एका दुपारी घालवतो.

आता तक्रार. ऑफिसबाहेर जे रजिस्टर लटकत असतं ना, ज्यात लोक फक्त वायफायबद्दल लिहितात, त्यात "पाणी गळते" असं मोघम लिहू नका, कारण प्लंबर येतो, त्याला सापडत नाही, सही करून जातो. "दुसरा मजला, डावीकडून तिसरं बाथरूम, खालचा नळ, दिवसाला १४४ लिटर" असं लिहा, तारीख टाका, फोटो काढून ठेवा. आकडा लिहिला की रेक्टरपण जरा हलतात, हा माझा अनुभव आहे. आठवड्याने परत त्याच नोंदीखाली लिहा. चिवटपणा लागतो, बाकी काही नाही.

गरम पाणी हा दुसरा मोठा विषय. पुण्यात बऱ्याच होस्टेलवर सोलर आहे, पण सोलरचं पाणी गच्चीवरून खालपर्यंत येईस्तोवर पाइपातलं गार पाणी आधी येतं, आणि ते सगळे सरळ मोरीत सोडून देतात. दोन बादल्या ठेवा, पहिल्या बादलीत गार घ्या (कपडे भिजवायला कामी येतं), गरम यायला लागलं की दुसरी लावा. आणि एकाच विंगेतल्यांनी पाठोपाठ अंघोळ केली तर पाइप मधे गार व्हायला वेळच मिळत नाही, हे आमच्या मजल्यावर ठरवून केलं तर आठच्या लेक्चरवाल्या पोरींनापण गरम पाणी मिळायला लागलं, नाहीतर रोज भांडणं.

पाणी तापवायची कॉइल लपवून आणली असेल तर ती आधी घरी पाठवा. एक तर प्लास्टिकच्या बादलीत ती शॉक देऊ शकते, आणि दुसरं म्हणजे १५०० वॅटची कॉइल तासभर चालली की दीड युनिट जातं. २० लिटरची बादली २० अंशावरून ४० अंशावर न्यायला साधारण अर्धा युनिट लागतं. तेवढ्या विजेत फोन वीसेक वेळा चार्ज होतो. त्यामुळे चार्जर सॉकेटमधून काढला का नाही यावरून रूममेटशी वाद घालू नका, फारच किरकोळ वीज आहे ती. जुना पंखा मात्र ७०-७५ वॅटचा असतो आणि उन्हाळ्यात वीस तास फिरला की दीड युनिटच्या आसपास जातो, तेव्हा खोलीला कुलूप लावताना पंखा बंद करणं हे चार्जरपेक्षा शंभरपट कामाचं. नवीन बीएलडीसी पंखे (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) तिशीच्या आसपास वॅट घेतात, होस्टेल कमिटीवर तुमचं कोणी असेल तर पंखे बदलायची वेळ आली की हेच मागा.

आता मेस. इथे एकच शब्द लक्षात ठेवायचा, खाडा, म्हणजे जेवायला नसलात त्या दिवसाची सुट्टी. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की अर्धं होस्टेल सातारा, नाशिक, लातूरच्या गाड्या पकडून पसार होतं आणि मेसवाल्या मावशींना कोणी सांगत नाही, त्यांनी कणिक तर सगळ्यांची मळलेली असते. आधी सांगितलं तर बहुतेक मेसवाले खाडा धरतात, म्हणजे तुमचे पैसेपण वाचतात, तरी लोक सांगत नाहीत, का ते देव जाणे. ग्रुपवर आदल्या दिवशी एक पोल टाका, कोण नाहीये उद्या, आणि आकडा मावशींना संध्याकाळच्या आत कळवा, पोळ्या लाटायच्या आधी. नंतर सांगून उपयोग शून्य.

वाढून घेताना "अर्धाच भात" म्हणायला लाजू नका. भाजी आवडत नसेल तर आधी चमचाभर घ्या. "अन्न हे पूर्णब्रह्म" ची पाटी प्रत्येक मेसमधे असते आणि तिच्याच खाली खरकट्याचा पिंप भरून वाहतो, तर पाटीने काही होत नाही. होतं ते पिंपाचं वजन केल्याने. एका आठवड्यासाठी वजनकाटा मागून घ्या आणि रोजचा आकडा फळ्यावर लिहा, बास, कुणाला भाषण देऊ नका.

रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री मेस बंद, हे पुण्यातलं ठरलेलं. त्यामुळे आठवड्यातला सगळ्यात जास्त प्लास्टिकचा कचरा होस्टेलवर रविवारी रात्री होतो, सगळे एकदम ऑर्डर करतात. चालत जाऊन तिथेच बसून खा, नाहीतर स्टीलचा डबा घेऊन जा, भुर्जीवाला काय नाही म्हणत नाही. मागवायचंच असेल तर चौघांनी मिळून एक ऑर्डर, आणि चमचे नकोत म्हणून टिक करा. चहाला पण काचेचा ग्लास मागा, कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, तो रद्दीत पण जात नाही.

कचऱ्याचं: ओला, सुका आणि सॅनिटरी, हे तीन वेगळे ठेवा, ओला-सुका वेगळा करणं तर २०१६ च्या नियमांपासून सक्तीचंच आहे, ऐच्छिक नाही. पुण्यात बऱ्याच घरांतला कचरा "स्वच्छ" संस्थेच्या कचरावेचक ताई-दादा गोळा करतात आणि सुका कचरा विकून त्यांना पैसे मिळतात, होस्टेलचा कचरा कोणीही नेत असो, शेवटी वेगळं करणारे हात असेच कुणाचेतरी असतात. म्हणून दुधाची पिशवी खळखळून धुवा. आणि कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, जरासा चिकटलेला राहू द्या, कारण तो नखाएवढा तुकडा कुणीच वेचू शकत नाही, सरळ गटारात जातो. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे उघडून बघावं लागत नाही. मी पॅडऐवजी पाळीचा कप (मेन्स्ट्रुअल कप) वापरते, कॉमन बाथरूममधे सुरुवातीला वैताग येतो पण बाटलीभर पाणी आत घेऊन गेलं की जमतं, आणि उकळायला वेगळं भांडं ठेवा, मॅगीच्या केटलमधे नको!! बंद पडलेले इअरफोन, सेल, चार्जर यासाठी मजल्यावर एक खोका ठेवा, भरला की ई-कचरावाल्याला द्या, भंगारात नको.

कॅम्पसवर फिरायला सायकल. आपलं सावित्रीबाई फुले विद्यापीठच चारशे एकरांच्या वर आहे, होस्टेल ते डिपार्टमेंट चालत गेलं तर घाम निघतो म्हणून लोक गाडी काढतात, पाच मिनिटांसाठी. नवीन सायकल घेऊ नका, पास होऊन जाणाऱ्या सिनियरची घ्या, जितकी भंगार दिसेल तितकी चोरीची भीती कमी. घेताना टायरच्या कडेला चिरा आहेत का बघा आणि पायडलचा दांडा धरून हलवून बघा, खडखड हलत असेल तर आत खर्च आहे. गावात जायला पीएमपीएमएलचा, म्हणजे सिटी बसचा पास काढा, मेट्रोत पण विद्यार्थी कार्डावर ३० टक्के सूट आहे.

पुस्तकं विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात वाचायला मिळतात, नाहीतर अप्पा बळवंत चौकात जुनी विकत मिळतात, यावर अजून काय सांगणार. प्रिंटचे पाठकोरे कागद जमवून झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल मारून घ्या, सेमिस्टरभराची रफ वही होते.

आणि मे महिना. परीक्षा संपली की होस्टेलच्या मागच्या भिंतीला बादल्या, मग, हँगर, ड्राफ्टर, टेबल लॅम्प, गाद्या यांचा डोंगर होतो, आणि जुलैत नवीन पोरं तेच सगळं दुकानातून नवीन आणतात. कमिटीकडून सुट्टीपुरती एक रिकामी खोली मागून घ्या, वस्तूंवर खडूने "चालू" किंवा "दुरुस्ती" लिहा, किल्ली जो उन्हाळ्यात थांबणार आहे त्याच्याकडे द्या. फुकट ठेवा, किंमत लावली की हिशोब आणि मग भांडण. कापसाच्या गाद्या पिंजून परत भरता येतात, फोमच्या नाही. पण कुठलीही गादी खोलीत ठेवायच्या आधी दोन दिवस कडक उन्हात टाका आणि शिवणीच्या कडा उलटून बघा, ढेकूण दिसले तर ती गादी आत घेऊच नका, नाहीतर जुलैत अख्खा मजला तुमच्या नावाने खडे फोडेल.