कृष्णाकाठची सायकल टूर: चढ नाहीत, सराटे आहेत

कराड ते खिद्रापूर ही कृष्णाकाठची टूर मी आत्तापर्यंत पाच वेळा केलीय, आणि दरवेळी कुणीतरी विचारतंच की गिअर किती लागतील, महागातली सायकल लागेल का, आधी महिनाभर घाट मारायचा का. नाही लागत हो. इथं शाळेच्या पोरी बिनगिअरच्या सायकलवर कॅरिअरला दप्तर अडकवून रोज शेजारच्या गावाला जातात-येतात, त्यांना विचारा चढ कुठंय. एकशे दहा-वीस किलोमीटर, तीन दिवस, रमतगमत. या टूरची वाट लागते ती एकाच गोष्टीनं, सराट्यानं, म्हणजे टायरमध्ये घुसणाऱ्या काट्यानं, आणि त्याबद्दल कुणी धड सांगत नाही म्हणून हे लिहितेय.

कधी जायचं

दिवाळी उरकली की फेब्रुवारीपर्यंत कधीही. पावसाळ्यात नको. काळी माती मडगार्डमध्ये अशी गच्च बसते की चाक फिरत नाही, शिवाय नदीचा भरवसा नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट धरतात, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, म्हणजे तुम्ही ज्या रस्त्यांवरून जाणार त्यातले बरेचसे पाण्याखाली.

निघायचं कुठून

रेल्वेनं कराड. स्टेशन शहरात नाही, ओगलेवाडीला आहे, पूर्वी प्रभाकर कंदील बनायचे ती ओगलेवाडी. आधी गावात जाऊन प्रीतिसंगम बघून घ्या, कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भेटतात, असं दुसरीकडं सहसा बघायला मिळत नाही, आणि यशवंतरावांची समाधीही तिथंच आहे. मग परत ओगलेवाडीला येऊन रेल्वेलाईनची संगत धरा. शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, आमणापूर, भिलवडी. नदी कायम उजव्या हाताला, चुकायचं म्हटलं तरी चुकत नाही.

हायवेनं जा, रस्ता चांगला आहे, असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. फुटलेल्या ट्रकच्या टायरमधल्या बारीक तारा हायवेच्या कडेला पडलेल्या असतात आणि त्या सराट्यापेक्षा वाईट, कारण दिसतच नाहीत. दुसरं टोक म्हणजे मॅपवर नदीला चिकटून जाणारी बारीक रेघ बघून हुरळणारे. ती पाणंद असते. सुरुवातीला झकास वाटते, दोन्हीकडं ऊस, मधून वाट, आणि मग ती कुणाच्यातरी मळीत वांग्याच्या वाफ्यापाशी संपते आणि तुम्ही सायकल खांद्यावर घेऊन परत. गावाला गाव जोडणारा डांबरी रस्ता धरा, बास.

आता सराटा

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जमिनीलगत पसरणारं पिवळ्या बारक्या फुलांचं झुडूप, पावसाळ्यात हिरवं आणि निरुपद्रवी, थंडीत वाळलं की फळ सुटं होऊन फुटतं आणि त्याचे दगडासारखे तुकडे डांबराच्या कडेला पसरतात. कसाही पडला तरी एक काटा वर. म्हणजे आपण जातो त्याच दिवसांत हा सगळ्यात कडक असतो, त्याला इलाज नाही. जोडीला बाभळीच्या फांद्या, कुंपणाला ओढून नेताना सांडलेल्या.

पहिल्या टूरला काय झालं ते सांगते. आमणापूरच्या अलीकडं फोटोसाठी सायकल डांबरावरून खाली घेतली, दोन मिनिटं. पुढं अर्ध्या किलोमीटरवर मागचं चाक बसलं. मी शहाणी, स्पेअर ट्यूब होती, पाच मिनिटांत बदलली, मिरवत निघाले. एक किलोमीटरवर परत बसलं. दुसरी ट्यूब घातली. ती पण गेली. मग पॅच मारत बसले, एकावर एक सहा पॅच संपवले, दुपारचं ऊन, पाणी संपलेलं, शेवटी चार किलोमीटर सायकल ढकलत एका पंक्चरच्या दुकानापर्यंत आले. तिथल्या पोरानं ट्यूबकडं बघितलंसुद्धा नाही. टायर काढला, गुडघ्यावर उलटा ताणून धरला आणि म्हणाला, "काकू, काटा आत ठिवून ट्यूब किती बी बदला की." मी तेव्हा एकतीस वर्षांची होते, काकू जास्त लागलं की बाकीचं ते अजून ठरलेलं नाही.

तर नीट वाचा, कारण व्हिडिओत सगळे ट्यूब बदलायला शिकवतात आणि खरं काम टायरचं असतं.

हवा गेली की पहिल्यांदा तिथून हला. सायकल उचलून स्वच्छ डांबरावर किंवा एखाद्या घराच्या कट्ट्यावर न्या. गवतात बसून पंक्चर काढाल तर चालू असलेलं दुसरं चाकही घालवाल.

चाक काढायच्या आधी बाहेरून हळूहळू फिरवून दिसतील ते काटे मोजा. पटापट उपटून टाकू नका, जिथं जिथं काटा आहे तिथं खडूनं नाहीतर पेननं खूण करा, मग उपटा. टायर बसवताना त्याच्यावरचं कंपनीचं नाव नेहमी वालपाशी, म्हणजे हवा भरायच्या नळीपाशी, येईल असं बसवायची सवय लावा. ट्यूबला भोक वालपासून वीतभर अंतरावर सापडलं तर टायरला काटाही नावापासून वीतभरावरच असणार, एका बाजूला नाहीतर दुसऱ्या. ही एवढी साधी गोष्ट, पण सगळा टायर चाचपायचा वाचतो.

मग टायरची आतली बाजू. बोट फिरवू नका! तारेचा तुकडा असला तर बोटच फाटतं. जुना मोजा नाहीतर कापसाचा बोळा घ्या आणि आतून हळू फिरवा, आधी एका दिशेनं, मग उलट्या दिशेनं, कारण काटा तिरका घुसलेला असला तर एका बाजूनं कापूस त्याच्यावरून सरकून जातो आणि उलटा फिरवला की धागा अडकतो. अडकला तिथं टायर उलटा वाकवा. सराट्याचं टोक मोडून रबराच्या आत राहिलेलं असतं, वाकवल्यावर पांढुरका ठिपका दिसतो, मोहरीएवढा पण नाही. तो नेलकटरनं नाहीतर चिमट्यानं बाहेर काढा. बाहेरून आत ढकलून काढायला सुईसारखं काहीतरी ठेवा, मी गोधडी शिवायचा दाभण ठेवते. आणि एक सापडला म्हणून थांबू नका, पूर्ण फेरी मारा. माझ्या त्या टायरात तीन होते.

ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं दिसली तर तो काटा नाही, हवा कमी असताना गतिरोधकावर रिम बसलीय. मग काटा शोधत बसू नका, हवा भरा. रुंद टायरला सुद्धा हवेचा दाब ५० पीएसआयच्या खाली असेल तर मी सामान लादून जात नाही.

पॅच मारताना घाई नको. पॉलिश पेपरनं घासा, सोल्युशन लावा, आणि वाळू द्या, पाच मिनिटं खरोखर थांबा, ओल्या सोल्युशनवर पॅच चिकटवणारे लोक संध्याकाळी परत रस्त्याकडेला बसलेले असतात. टायर परत चढवताना वालच्या विरुद्ध बाजूनं सुरुवात करून वालपाशी संपवा, आणि चढवलेला भाग चिमटीत धरून रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत या, म्हणजे शेवटचा घट्ट भाग हातानंच चढतो. तिथं स्क्रू ड्रायव्हर घातलात तर नवीन भोक तुम्हीच पाडलं, ट्यूबचा दोष नाही.

ट्यूबमध्ये ओतायचं ते सीलंट चालतं का? सराट्याला चालतं, खोटं कशाला बोलू. पण एकदा मोठं भोक पडलं की सगळं चिकट होऊन पॅच धरत नाही, म्हणून मी भरत नाही, टायरच्या आत काटा अडवणारी पट्टी टाकते. आणि वाल मोटरसायकलसारखा जाडाच घ्या. बारक्या वालला इथल्या दुकानातला कॉम्प्रेसर लागत नाही, छोटासा ॲडॉप्टर घरी विसरलात तर भिलवडीत काय सांगलीतही शोधत बसाल.

ऊस

हंगाम चालू असतो. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर ओव्हरटेक करायचा नाही, मागची ट्रॉली वळणावर कुठं येईल ते ड्रायव्हरलाही नक्की माहीत नसतं, वरून गाण्याच्या आवाजात तुमची घंटी ऐकू येत नाही. रस्त्यावर पडून चिरडलेली कांडी ब्रेक दाबून ओलांडू नका, सरळ जा. अंधारात अजिबात चालवू नका, बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो. गुऱ्हाळ दिसलं तर थांबा, काहिलीतली गरम काकवी भाकरीबरोबर देतात, त्या दिवशी एनर्जी बारची पाकिटं बॅगेतच राहतात.

किर्लोस्करवाडीला चहा घ्याच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसवलेलं गाव, पण धंद्याची सुरुवात बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून, तेवढं तरी आपलं नातं लागतं.

मुक्काम

पहिली रात्र भिलवडीजवळचं औदुंबर, दुसरी नरसोबाची वाडी, दोन्हीकडं दत्ताची ठिकाणं म्हणून खोल्या मिळतात. एकट्या बाईला खोली द्यायला एका ठिकाणी खळखळ केली होती, तेव्हापासून मी आदल्या दिवशी फोन करून सायकलवर येतेय, एकटीच येतेय, हे दोन्ही सांगून ठेवते. सायकल खोलीत घ्यायची, बाहेर नाही.

शेवटचा टप्पा

सांगलीहून वाडीला जाताना अंकलीच्या पुलावरून उदगाव, शिरोळ. वाडीत कृष्णेला पंचगंगा मिळते, घाटावर बसा, बासुंदी खा. सकाळी कुरुंदवाडवरून खिद्रापूर, वीसेक किलोमीटर, दहाच्या आत पोचा, दुपारी वारं उठतं. तिथल्या कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपाला मधोमध छत नाही, गोल उघडं आहे, खाली उभं राहून वर बघायचं. परतीला जयसिंगपूर नाहीतर मिरज स्टेशन.

आणि देवळाबाहेर सायकल लावायच्या आधी खाली बघा. गेल्या वर्षी सगळी टूर एकही पंक्चर न होता आणली होती, तिथं झाडाच्या सावलीत स्टँडवर लावली, दर्शन घेऊन आले तर पुढचं चाक बसलेलं. आणि तो जुना मोजा बॅगेत सगळ्यात तळाशी.