परिपाठाआधी दारात उभं राहा

वाळवा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी दुसरीला शिकवते. परिपाठाआधी दारात उभी राहून प्रत्येक पोराचा चेहरा बघते. हजेरीपेक्षा हे आधी करा. गळीत हंगामात ऊसतोड कामगारांची मुलं येतात. फडावर जाणाऱ्या आईबरोबर ती पहाटेच उठलेली असतात. अशा मुलानं कुणाला मारलं, तर आधी विचारा, 'बाळा, काही खाल्लंस का?' मग दोघांना वेगवेगळं बसवून ऐका. 'नीट वाग' म्हणू नका, 'हात खाली, माझ्याशेजारी ये' म्हणा. छडी, कान धरून उभं करणं, टोमणे, काहीच नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे.

नको असलेल्या स्पर्शाबद्दल मूल बोललं, तर हातातलं काम टाका. खोदून विचारू नका. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन तर मुळीच देऊ नका, कारण मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्याचेच शब्द लिहून ठेवा. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा हेल्पलाइन नंबर वर्गात मुलांच्या उंचीवर लावा.

शाळा सुटताना उसाच्या ट्रॉल्या जाईपर्यंत फाटक उघडू नका.