बीचवर जायचंय? आधी तिथी बघा आणि गाडी वरच ठेवा

दर लाँग वीकेंडनंतर तोच व्हिडिओ फिरतो. एसयूव्ही बोनेटपर्यंत पाण्यात, चार जण कमरेवर हात ठेवून उभे, आणि गावातला ट्रॅक्टरवाला दोर बांधतोय. खाली "पर्यटक माजलेत" विरुद्ध "गाववाले लुटतात" अशी जुंपलेली. मी कोकणातलाच, घरी पाहुणे पुण्या-मुंबईचे, त्यामुळे दोन्हीकडचं रोज कानावर येतं. माझं म्हणणं एवढंच की किनाऱ्यावर तुमच्या आधीपासून कोणाचं तरी काम चालू असतं, ते बघून घेतलं की निम्मी भांडणं होतच नाहीत.

तर पहिलं गाडीचं. वाळूत गाडी उतरवायची नाही, फोर बाय फोर असली तरी नाही. "अरे सगळे नेतायत" हे पोलिसांना सांगून उपयोग नसतो, आता स्टंट करणाऱ्यांवर सरळ गुन्हे दाखल होतात, रील तुम्हीच टाकलेली असते आणि त्यात नंबरप्लेट स्वच्छ दिसते. शिवाय पाण्याजवळची ओली वाळू वरून सिमेंटसारखी वाटते पण खाली भुसभुशीत असते, गाडी चालत असते तोवर ठीक, फोटोसाठी थांबवली की चाकं बसतात. आणि बसलीच तर अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसू नका, तेवढंच खोल जाल. सगळ्यांना उतरवा, चाकांपुढची वाळू हाताने काढा, टायरमधली हवा बरीच कमी करा, खाली माडाची झावळं किंवा गाडीतली मॅट्स सरकवा आणि हळू बाहेर काढा. पाणी जवळ येत असेल तर प्रयोग सोडा आणि ट्रॅक्टर बोलवा. भाव आधी ठरवा, पण घासाघीस फार करू नका, तो माणूस जेवण सोडून आलेला असतो. घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायची, नाहीतर गंज.

आता भरतीचं, कारण गाड्या बुडतात आणि माणसंही बुडतात ती बरीचशी याच्याच अडाणीपणाने. अ‍ॅपवर वेळा मिळतातच, पण आमच्याकडचा जुना हिशोब जास्त सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. म्हणजे षष्ठीला सहाचे पाऊणपट साडेचार, पहाटे साडेचारला आणि मग दुपारी साडेचार-पाचला भरती, आणि मधे साडेदहाच्या सुमाराला ओहोटी. शुक्ल पक्ष काय आणि कृष्ण काय, हिशोब तोच, आणि रोज वेळ पाऊण-एक तास पुढे सरकते. जागेप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं, पण कॅलेंडर बघून सहलीचा दिवस ठरवायला पुरेसं आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी वर जास्त चढतं तसं ओहोटीला आतही जास्त जातं, आणि फसतात ते इथेच, कारण सकाळी मैदानच्या मैदान मोकळं दिसतं, लोक लांब खडकांपर्यंत चालत जातात आणि पाणी मागच्या बाजूने खोलगट भागातून भरून येतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, तेव्हा फरक कमी. लहान मुलं, म्हातारी माणसं असतील तर मी भांगाचे दिवस सुचवतो.

पाण्यात शिरायच्या आधी पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघा. लाटा दोन्हीकडे फुटतायत आणि मधे एक पट्टा शांत, गडद, फेस आत जाताना दिसतोय, तर तिथे जायचं नाही. हौशी माणूस नेमका तोच पट्टा निवडतो, लाटा नाहीत म्हणून! तिथे पाणी आत खेचत असतं. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, दमाल आणि बुडाल, आडवे म्हणजे किनाऱ्याला समांतर पोहा, जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करा. दुसरा बुडत असेल तर स्वतः उडी टाकू नका, दोरी, रिकामा पाण्याचा कॅन, जे तरंगतं ते फेका. गणपतीपुळ्याला दर्शन झालं की लोक साडी-पँटसकट पाण्यात, आणि तिथला तळ तीव्र उताराचा. बोर्ड लावलेत, शिट्ट्या वाजवतात, तरी "गुडघाभरच आहे हो". 2016 च्या फेब्रुवारीत रायगडमधल्या मुरुडला पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची मुलं बुडाली तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला होता, आणि तो पावसाळा नव्हता हे लक्षात ठेवा. गोव्यात जीवरक्षक लाल-पिवळे झेंडे लावतात, त्या दोन झेंड्यांच्या मधे पोहायचं, नुसता लाल असेल तर नाही. इमर्जन्सीला 112, सागरी पोलिसांचा नंबर 1093, सेव्ह करून ठेवा.

मच्छीमारांचं थोडं सविस्तर सांगतो. सकाळी रापण ओढत असतील, म्हणजे किनाऱ्यावरून दोन टोकांना दोर धरून जाळं खेचत असतील, तर दोरावरून उडी मारून जायचं नाही, तो ताणलेला असतो आणि सुटला तर पाय कापतो, मागून फिरून जा. ओढायला हात लावायचा असेल तर "काका, येऊ का?" म्हणून विचारा, बहुतेक हो म्हणतात आणि मासळी निघाली की तुमच्याही पिशवीत काहीतरी पडतं. वाळत घातलेल्या जवळ्यावरून, म्हणजे बारीक कोळंबीवरून, चालत जाऊ नका, ते कोणाचं तरी महिन्याचं उत्पन्न आहे. होडीत चप्पल घालून चढून पोझ देणं तर अजिबातच नाही, होडीची पूजा होते, म्हातारा काही बोलणार नाही पण त्याच्या मनातून तुम्ही उतरलात.

नोव्हेंबर ते मार्चच्या सुमाराला वेळास, आंजर्ले, गुहागर या बाजूला कासवं अंडी घालायला येतात, ऑलिव्ह रिडले. पिल्लं प्रकाशाच्या दिशेने चालतात म्हणून टॉर्च, फ्लॅश, बीचवर शेकोटी सगळं बंद, आणि गाडीच्या चाकाची चर त्या बोटभर पिल्लाला खंदकासारखी होते, चढताच येत नाही. गावातले लोक घरट्यांची राखण करतात, पिल्लं सोडायची वेळ तेच ठरवतात, तुम्ही पाच हजार खर्च करून आलात म्हणून आज पिल्लं निघतीलच असं नाही.

पैशाचे वाद. बऱ्याच गावांत ग्रामपंचायत पार्किंग किंवा स्वच्छतेचे पैसे घेते, त्यावरून नाक्यावर हमरीतुमरी होते. शिक्क्याची पावती मागा. पावती दिली तर द्या आणि पुढे जा, रविवारचा कचरा सोमवारी तेच उचलतात. पावती नाही म्हणाला तर देऊ नका, सरपंचाचा नंबर मागा, आवाज न चढवता. घोडागाडी, बनाना राइड, पॅरासेलिंग, सगळ्याचा भाव बसायच्या आधी, लाइफ जॅकेटचे बेल्ट स्वतः ओढून बघायचे आणि पट्टा तुटका असेल तर उतरायचं, लाजायचं नाही.

दारूचं थोडक्यात: महाराष्ट्रात उघड्यावर पिणं गुन्हा आहे. गोव्यात लोकांना वाटतं सगळं चालतं, तर बीचवर पिणं, स्टोव्ह मांडून चिकन करणं, गाडी आणणं यावर 2022 मध्येच पाच ते पन्नास हजारांपर्यंत दंडाचा आदेश निघाला. दुसऱ्या पर्यटकांबरोबर, अनोळखी माणसांबरोबर न विचारता सेल्फी काढू नका असं गोवा टुरिझमला 2023 मध्ये लेखी सांगावं लागलं, यावर आणखी काय बोलायचं. स्पीकर रात्री दहानंतर बंद, आणि दहाच्या आधीही शेजारच्या ग्रुपला विचारलंत तर काही बिघडत नाही.

आणि उलटी बाजू, तुम्हालाच कोणी हटकलं तर. रिसॉर्टचा वॉचमन म्हणतो "प्रायव्हेट बीच आहे". ओली वाळू कुठल्याही रिसॉर्टच्या सातबाऱ्यावर नसते. गोव्यात दोनापावलाजवळच्या वायंगिणी बीचवर जायची लोकांची वाट एका मोठ्या हॉटेलच्या बांधकामाने अडली होती, ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 2009 मध्ये निकाल लोकांच्या बाजूने लागला. म्हणून वॉचमनशी हुज्जत घालू नका, त्याला पगार त्याचाच मिळतो, पाण्याच्या कडेने शांतपणे चालत पुढे जा. त्यांच्या लॉनमधून शॉर्टकट मारू नका, ती जागा खरंच त्यांची असते. शॅकच्या, म्हणजे बीचवरच्या झोपडीवजा हॉटेलच्या, खाटेवर बसायच्या आधी रेट विचारा, काही ठिकाणी ऑर्डर दिली की खाट फुकट, काही ठिकाणी तासावर पैसे.

कचऱ्याची पिशवी घरूनच आणा, दुपारी चारनंतर बीचवरचे डबे भरून वाहत असतात.